दिलावरची काडतुसं

“मग यातली वाईट कुठली, ते तरी दाखवा की उस्ताद!”

केरबा साळोख्याचा आवाज शिलेखान्याच्या दगडी भिंतीवर आदळून परत आला. समोरच्या लाकडी तबकात काडतुसं ओळीनं उभी होती. पितळ इतकं घासलेलं की त्यात तोंड बघावं. केरबाला त्यात आपल्या मिशा दिसत होत्या, आणि त्या त्याला आवडतही होत्या.

उस्ताद दाऊद शिकलगार तबकाकडे बघत नव्हते. ते डोळे मिटून एकेक काडतूस उचलत, त्याच्या बुडावरून अंगठा फिरवत आणि परत ठेवून देत.

“दाखवा ना...”

“सगळीच,” उस्ताद म्हणाले.

आंबेघोल संस्थानातली ही गोष्ट, लढाईच्या काळातली. विलायतेहून नवी काडतुसं येणं बंद झालं होतं. त्यामुळे एकदा उडवलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि शिलेखान्यातच, म्हणजे संस्थानच्या शस्त्रागारातच, पुन्हा भरायच्या, असा रिवाज पडला. जळकी टोपी काढायची, नवी बसवायची, मापानं दारू घालायची, वर गोळी बसवायची. काम ऐकायला सोपं आहे.

यातली टोपी म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसणारी मसुराएवढी धातूची वाटी. बंदुकीची पिन तिच्यावर आदळली की ती भडकते, तिच्यानं दारू पेटते आणि गोळी सुटते. सरदार, सरकार, शिकारी सगळे बंदुकीच्या नळीचं कौतुक करतात. उस्तादांनी आयुष्यभर कौतुक केलं ते या मसुराचं.

उस्तादांची नजर म्हातारपणीही घारीची होती. तरी कामाला बसले की ते साध्या काचेचा चष्मा लावत. गावात लोक हसत... म्हातारा साहेब झाला म्हणत. उस्तादही त्यांच्याबरोबर हसत आणि चष्मा तसाच ठेवत.

केरबा त्यांचा पट्टशिष्य. त्याच्यासारखा झपाझप चालणारा हात आसपासच्या कुठल्याच संस्थानात नाही, असं तो स्वतःच सांगायचा. वाईट एवढंच, की ते खरं होतं.

आणि या खेपेची काडतुसं कुणासाठी, हे साऱ्या शिलेखान्याला ठाऊक होतं. डोंगरावर कोंडमाळ नावाची धनगरांची वस्ती आहे. तिथे बिबट्या माणसाला सोकावला होता. गेल्या आठवड्यात त्यानं अंगणात बसलेली एक म्हातारी नेली. सरकारांनी शिकारी म्हणून दिलावरला धाडायचं ठरवलं. दिलावर म्हणजे उस्तादांचा धाकटा मुलगा.

मग उस्तादांनी स्वतःच का नाही भरली? कुणीही हेच विचारेल. पण त्या शिलेखान्यात उस्तादांच्या आजोबांपासून एक दंडक होता. आपल्या रक्ताच्या माणसासाठी आपण काडतूस भरायचं नाही. मायेचा हात एक तर थरथरतो, नाहीतर घाई करतो. बापाला शिकवण्याचा, बघण्याचा हक्क होता. टोपी बसवायच्या यंत्राचा दांडा मात्र दाबायचा नव्हता.

म्हणून दिलावरचा जीव केरबाच्या हातात आला होता. केरबाला मात्र वाटत होतं, आपली परीक्षा चाललीय.

“सगळीच? कशापायी?” केरबा तापला. “एक तरी टोपी वर आलीया का?”

“न्हाई. बसवलीस झकास.”

“मग?”

“टोपी कुठल्या डब्यातली?”

“लाल डब्यातली.”

“लाल डबा पिस्तुलाचा.”

“ठावं हाय मला. मुद्दाम घेतली.” केरबानं छाती पुढे काढली. “तिचा पत्रा पातळ. हलकी ठोकर लागली तरी पेटती. बिबट्या म्होरं असताना टोपीनं दगा द्याया नको. दिलावरभाईचाच इचार केला मी.”

हे खोटं नव्हतं. केरबा गर्विष्ठ होता, पण मनानं काळा नव्हता. असे लोक शिकवायला सगळ्यात अवघड, कारण त्यांना रागावताही येत नाही.

उस्तादांनी भिंतीवरची एक रिकामी रायफल काढली. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागे ओढला आणि पुढे सारून मिटवला.

“काय ऐकलंस?”

“बोल्ट मिटला.”

“मिटताना काडतुसाच्या बुडाला हिसका बसतो का न्हाई?”

“बसतो... थोडा.”

“हलक्या ठोकरीला पेटणारीला तेवढा पुरला तर?”

केरबानं मिटलेल्या बोल्टाकडे बघितलं.

“आणि रायफलच्या दारूचा जोर पिस्तुलापरास किती?”

“लई.”

“तो पातळ पत्रा फाडून मागं आला तर कुठं जाईल?”

केरबानं खांदे उडवले. उस्तादांनी रायफल खांद्याला लावली, नेम धरला आणि तसेच थांबले. मग एक बोट उचलून स्वतःच्या उजव्या गालावर ठेवलं.

“दिलावरचा गाल हितं असतो,” ते म्हणाले.

केरबाचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला.

“पेटणारी टोपी तर कसली बी असती, केरबा,” रायफल खाली ठेवत उस्ताद म्हणाले. “आपल्याला थांबणारी पाहिजे.”

त्या खेपेची काडतुसं केरबानं मोडली. गोळ्या ओढून काढल्या, दारू पाण्यात ओतली आणि टोपी असलेल्या पुंगळ्या तेलाच्या बादलीत बुडवून ठेवल्या. जिवंत टोपी ठोकून काढायची नाही, हे त्याला पहिल्या वर्षीच शिकवलेलं होतं. तोंडानं तो पुटपुटत होता, पण हात काम करत होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं रायफलच्या जाड पत्र्याच्या टोप्या घेतल्या. सकाळी उस्ताद आत आले तेव्हा गडी रंगात होता. हातात दांडा, कपाळाला घाम, मिशांना पीळ. मोगऱ्याचं तेल लावून तो मिशा अशा वळवी की दोन्ही टोकं डोळ्यांशी बोलायला गेलेली. उस्तादांनी दिलेला चष्मा खिडकीत पडला होता. मिशांना तो शोभत नव्हता म्हणे.

उस्ताद दारातच थबकले.

केरबाच्या मांडीशी पितळेची वाटी होती. डबेच्या डबे रिकामे करून त्यानं सगळ्या टोप्या त्या वाटीत ओतल्या होत्या. चिमटीनं उचलायची, बसवायची... हात कसा सरसर चालत होता.

“केरबा,” उस्ताद अगदी हळू म्हणाले, “दांडा सोड. वाटीला हात लावू नको. मागं सर.”

त्या आवाजाला केरबा निमूट उठला. उस्ताद वाटीपाशी बसले. एक टोपी उचलायची, तिच्या पुठ्ठ्याच्या खणात ठेवायची. मग दुसरी. उन्हाची तिरीप खिडकीतून दारापर्यंत सरकली, तरी म्हातारा घाई करीना. केरबा उभा राहून राहून अवघडला.

“एवढं काय झालं, उस्ताद? वाटीतनं घेतली काय आन् डब्यातनं घेतली काय...”

“कारखान्यानं हरेकीला येगळं घर दिलं. उगंच पुठ्ठा वाया घालवला व्हय त्येंनी?”

“तसं न्हाई, पर...”

“एक पेटली, तर बाकीच्या तिला एकटी जाऊ देत न्हाईत.”

केरबानं वाटीकडे बघितलं. मग ती जिथे ठेवली होती त्या आपल्या मांडीकडे बघितलं. पाणी प्यायला म्हणून तो बाहेर गेला आणि जरा वेळानंच परत आला.

उस्ताद त्याची वाटच बघत होते.

“हात दे.”

केरबानं हात पुढे केला. उस्तादांनी त्याची बोटं नाकाशी नेली.

“मोगरा,” ते म्हणाले.

“मिशीला लावतो. लावू नको का आता?” केरबा चिडला. “मिशीनं काय बंदुकीचं घोडं मारलंय?”

केरबानं त्या सकाळी टोपी बसवलेल्या पुंगळ्या तशाच रिकाम्या होत्या, दारू अजून पडली नव्हती. त्यातली एक त्यांनी रायफलमध्ये घातली, चष्मा नीट केला, नळी वाळूच्या पेटीकडे धरली आणि चाप ओढला.

फट! टोपी उडाली.

“बघा!” केरबा म्हणाला.

दुसरी घातली. तीही उडाली. केरबाचा हात मिशीकडे निघाला होता.

तिसरी घातली.

खट...

एवढाच आवाज. नळी वाळूकडे धरून उस्ताद बराच वेळ तसेच उभे राहिले. उशिरानं पेटणारी टोपीही असते, म्हणून उभं राहायचं असतं. ती पेटली नाही.

“तेल झिरपलं की टोपी मरती,” उस्ताद म्हणाले. “हरेक मरत न्हाई. वरनं बघून कळत बी न्हाई. आता तूच सांग, यातली बिबट्याला कुठली दावायची?”

केरबा खाली बसला. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला तबकाच्या पलीकडे काही दिसलं. झाडावरचा माळा, खाली अंधार आणि रायफलच्या मागे एक माणूस... ज्याच्या घरी त्यानं ईदेला शीरखुर्मा खाल्ला होता.

“उस्ताद,” तो म्हणाला, “दुसऱ्या कुणाला तरी सांगा हे काम.”

“दुसरा हात हाय का तुझ्यासारखा?”

“न्हाई,” केरबा म्हणाला. या वेळी त्यात तोरा नव्हता. उत्तर खरं होतं म्हणून दिलं एवढंच.

“मग बस.”

आणि केरबा बसला. असा बसला की बघत राहावं! साबणानं हात धुतले, राखेनं घासले, पुन्हा धुतले. टोपी भडकली तर डोळे वाचावेत म्हणून चष्मा लावला. मिशांवर धुतलेलं फडकं बांधलं, आणि तो वाटेवरच्या दरोडेखोरासारखा दिसू लागला. शिलेखान्यातले बाकीचे हसून घेत होते. हसू द्यावं अशांना, त्यांचा हात कुठे चालत होता?

त्यानं प्रत्येक पुंगळीच्या बुडातली टोपीची जागा टोकदार काडीनं खरवडून काजळी काढली. काजळी राहिली की टोपी तळाला टेकत नाही. मग ती एक तर वर डोकावते आणि बोल्ट मिटतानाच आग ओकते, नाहीतर पिनेचा दणका तिला खाली बसवण्यातच खर्ची पडतो. समोर एकच टोपी ठेवायची, ती संपली की दुसरी. दांडा दाबताना जोर नाही, हिसका नाही...

“कितीक दाबू, उस्ताद?”

“तुला कोण सांगणार? तळ सांगंल.”

आणि तळ सांगू लागला. दांडा खाली जाता जाता एका जागी हाताला टेकल्यासारखं वाटे, जणू काळोखात पायरी संपून जमीन लागावी. त्याच्या पुढे रेटलं तर टोपी चिरडते, अलीकडे थांबलं तर ती उंच राहते. केरबा डोळे मिटून अंगठा फिरवी. पितळेच्या सपाटीखाली केसभर खोल गेलेली टोपी त्या अंगठ्याला कळू लागली.

पूर्ण भरलेल्या एका काडतुसाची टोपी त्याला जरा उंच वाटली. त्यानं सवयीनं ते दांड्याखाली धरलं, पुन्हा दाबायला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“आत दारू हाय.”

“थोडंच दाबायचंय...”

उस्तादांनी मनगट सोडलं नाही. केरबानं काडतूस बाजूला काढलं आणि मोडायला ठेवलं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

दोन दिवसांनी तबक भरलं. दुपारी सरकारांची मोटार शिलेखान्यापुढे येऊन उभी राहिली. दिलावर पट्टा बांधून तयार होता. कोंडमाळवरून वाट दाखवायला कोंडिबा धनगर आला होता, त्या म्हातारीचा मुलगा. तो कुणाशी बोलत नव्हता. संस्थानचे कारभारी घाई करत होते, कारण कारभाऱ्यांना तेवढंच काम असतं.

केरबा तबक घेऊन बाहेर आला. उस्तादांसमोर उभा राहिला.

“ही मोडाया पाहिजेत.”

“काय?” कारभारी ओरडले.

केरबानं त्यांच्याकडे बघितलं नाही. “सकाळी उकाडा हुता, उस्ताद. फडकं घामानं भिजलं म्हणून सोडलं. तेवढ्यात एक टोपी अशी बसली... हाताला तळ असा गोड लागला, की मी खूश झालो आन् हात मिशीवर गेला. त्याच्या मागनं हात धुतला का न्हाई... आठवंना.”

“कुठली टोपी?”

“त्ये बी आठवंना.”

“कुणी बघितलं?”

“कुणी न्हाई.”

“म्हंजे धुतला बी असशील.”

“असंल,” केरबा म्हणाला. “नसंल बी.”

“अरे, एका मिशीपायी सरकारांची मोटार परत धाडू का?” कारभारी कडाडले. “तुला ठेवायचा का हाकलायचा, ते बघतो मी आज!”

गडी फिदीफिदी हसले. केरबाचे कान लाल झाले. ज्या माणसानं आजवर मान खाली घातली नव्हती, तो चारचौघांत तबक छातीशी धरून उभा होता, आणि सरकेना. मला त्याचा फार अभिमान वाटतो. काडतुसं बंदुकीत जाऊ द्यायची आणि गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. शंभरातले नव्याण्णव गप्प बसले असते, आणि बहुधा काही बिघडलंही नसतं.

दिलावर बापाकडे बघू लागला. उस्ताद केरबाकडेच बघत राहिले. काय व्हायचं ते त्यांनी केरबावर सोडलं.

शेवटी बोलला तो कोंडिबा.

“आजची रात आमी कवाडं लावून घरात बसतो, साहेब,” तो कारभाऱ्यांना म्हणाला. “आई गेली. आता बंदूकवाल्याला बी घालवायचा का? उद्या येऊ द्या.”

मोटार परत गेली. केरबानं सगळी काडतुसं मोडली, एकही ठेवलं नाही. मग नव्यानं बसला. जेवला नाही, कुणाशी बोलला नाही, घाम आला की उठून तोंड धुवायचा, हात धुवायचा, आणि मगच पुढची टोपी घ्यायचा. उस्ताद त्या दिवशी तिकडे फिरकलेही नाहीत. ते ओसरीवर जुन्या तलवारीला धार लावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मोटार पुन्हा आली. केरबानं तबक दिलावरपुढे धरलं. दिलावरनं एक काडतूस उचललं आणि बापापुढे केलं.

“अब्बा, एकदा अंगठा फिरवा की.”

उस्तादांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“उशीर होतोय,” ते म्हणाले. “नीघ.”

दिलावर क्षणभर थांबला, मग काडतुसं पट्ट्यात भरून मोटारीत बसला. तो चौथ्या दिवशी धडधाकट परत आला आणि कोंडमाळची माणसं पुन्हा अंगणात बसू लागली, हे आताच सांगून टाकतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण मला सांगायचं आहे ते मोटार निघाली तेव्हाचं.

धुरळा खाली बसला. बाप वाटेकडे बघत उभा होता. पाठीमागे धरलेले हात त्यानं अजून सोडले नव्हते, आणि ते थरथरत होते. केरबाला ते दिसलं.

“उस्ताद... तुमी तपासली न्हाईसा.”

“तपासली की.”

“कवा? तबक माझ्या हातातनं सुटलं न्हाई.”

“काल. मोटार आली तवा.”

“काल?” केरबा गोंधळला. “काल तर ही काडतुसं नव्हतीच, उस्ताद!”

उस्तादांनी वाटेवरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

“तू हुतास,” ते म्हणाले.